गुरुजी रजेवर गेले तर

आषाढात कसाऱ्याच्या पाड्यांवर पाऊस कसा कोसळतो, हे तुम्हाला सांगायला नको. ओहोळाला पूर येतो, वाट बंद होते. त्यातच गुरुजी आजारी पडले, तर शाळेला कुलूप. चार दिवस कुलूप राहिले की पोरे गुरांमागे जातात. एखादे पोर मग परत येतच नाही.

डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे पाहिले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात. म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली! आपल्याला एवढे करायचे नाही. फक्त दार उघडे ठेवायचे आहे.

अशा वेळी गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला विचारतात, "चार दिवस शाळा सांभाळशील का?" ती म्हणते, "मला काय येतंय?" येतं बाई. पण आधी तयारी हवी.

एक गोष्ट नीट समजून घ्या. पहिली ते पाचवीला नेमणुकीचा शिक्षक व्हायचे, तर बारावी, मग दोन वर्षांचे डी.एल.एड. आणि टीईटी परीक्षा लागते. चार दिवस मदत केली म्हणून नोकरी पक्की होत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारूनच वर्गात जावे.

जमल्यास आधी एक दिवस गुरुजींजवळ बसावे. किल्ली कोणाकडे, पहिली कोणत्या अक्षरापर्यंत आली, तिसरीचे पाढे किती झाले, हे वहीत लिहून घ्यावे. लहान शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत असतात. तिसरीला बेरजा द्या, चौथीला धडा वाचू द्या, पहिलीला चिंचोके घेऊन जवळ बसवा. नवा धडा घेऊ नका. झालेलेच घटवून घ्या. ठाकर, कातकरी घरातल्या पोराला पुस्तकी शब्द अडला, तर घरचा शब्द सांगा. बाहेरून आलेल्या गुरुजींना हे जमत नाही, तुम्हाला जमेल.

छडी घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे. माझ्या टेबलावर छडी असायची. तिने कोणाचा पाढा पाठ झाला, असे आता मला वाटत नाही.

दुपारची खिचडी वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखावी.

गुरुजी परतले की वही त्यांच्या हाती द्यावी. जे पोर आले नाही, त्याचे नाव सगळ्यांत वर लिहावे.