अस्सल, नक्कल आणि छायाचित्राचे संक्षेपण

संगणकावरील छायाचित्राच्या जितक्या नकला काढाव्यात तितके ते झिजत जाते, ही समजूत घरोघर आढळते आणि तिचा उगमही दुर्बोध नाही. कारण जुन्या दप्तरात कारकून नकलेवरून नक्कल उतरवी तेव्हा दरखेपेस एखादा काना किंवा वेलांटी गळत असे. परंतु संगणकीय फाइल म्हणजे अंकांची मालिका. ती हजार वेळा उघडली वा उतरवली, तरी हजारावी प्रत अस्सलाशी अंकाअंकाने जुळते. झीज होते ती अन्यत्र, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी केलेल्या संक्षेपणात.

संक्षेपणात चित्रातील बिंदूच कमी करतात, हाही तसाच एक गैरसमज. ४००० गुणिले ३००० बिंदूंच्या चित्रास, प्रत्येक बिंदूमागे तीन बाइट धरता, ३ कोटी ६० लाख बाइट लागतात. १९९२ साली मान्य झालेल्या जेपेग पद्धतीने तेच चित्र पुष्कळदा याच्या दहाव्या हिश्श्यात मावते, आणि बिंदू मात्र सगळे जागच्या जागी असतात. ही तजवीज मानवी नेत्राच्या स्वभावावर आधारलेली आहे. तेजातील सूक्ष्म भेद आपल्याला जितका जाणवतो तितका रंगातील जाणवत नाही, म्हणून प्रथम तेज आणि रंग वेगळे करून रंगाची नोंद बहुधा विरळ ठेवतात. मग ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातील ६४ मूल्यांच्या जागी ६४ लहरींची प्रमाणे मांडतात, ज्यांतील पहिले चौकोनाची सरासरी सांगते आणि पुढील उत्तरोत्तर बारीक चढउतार सांगतात. हे गणित बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे केलेला अर्ज नामंजूर होऊनही अहमद यांनी ते तडीस नेले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

खरी वजावट यापुढे होते. प्रत्येक प्रमाणास ठरावीक भाजकाने भागून उत्तर पूर्णांकात आणतात. बारीक लहरींचे भाजक सामान्यतः मोठे असल्यामुळे त्यांतील बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांच्या त्या रांगा अत्यल्प जागेत लिहिता येतात. गळालेला अंश मात्र पुन्हा हाती लागत नाही. म्हणून चित्रात फेरफार करून ते जेपेगमध्ये पुन्हा साठवले, किंवा संदेशसेवेने पाठवताना ते नव्याने संक्षेपित झाले, की ही वजावट पुन्हा घडते. साठवताना निवडलेल्या ‘गुणवत्ता ९०’चा अर्थ नव्वद टक्के चित्र शिल्लक राहिले असा नव्हे. तो आकडा केवळ भाजक ठरवतो, आणि १०० निवडले तरी पूर्णांकात आणणे चुकत नाही.

जुने मोडी कागद जतन करणाऱ्यांनी तर हे अवश्य ध्यानी घ्यावे. शाईच्या तीक्ष्ण कडा बारीक लहरींनीच घडतात, त्यामुळे जोरकस संक्षेपणात अक्षरांभोवती धुरकट कण उमटतात. पीएनजी या दुसऱ्या साठवणपद्धतीत असे काही गळत नाही. परंतु आधी जेपेग करून मागाहून पीएनजीत रूपांतर केल्यास फाइल बहुधा फुगते, आणि ते धुरकट कणही अक्षरांइतक्याच इमानाने जतन होतात.