कच्चं मडकं, पक्कं मडकं

दोस्तांनो, उन्हाळ्यात आई नवा माठ घेते, तेव्हा काय करते पाहिलंत? माठावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कच्चा, नाहीतर तडकलेला! दिसायला दोन्ही सारखेच. पण कच्च्या मडक्यात पाणी भरलं, की त्याचा चिखल होतो.

सातशे वर्षांपूर्वी एका कुंभारानं अशीच माणसं तपासली, अशी कथा वारकरी सांगतात. तो कुंभार म्हणजे तेरचे संत गोरोबाकाका. एकदा त्यांच्याकडे ज्ञानेश्वर, नामदेव अशी संतमंडळी जमली होती. छोट्या मुक्ताबाईनं तिथलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, असं काकांनी सांगितलं. मग आमचीही परीक्षा घ्या की, असा तिनं हट्ट धरला!

काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली आणि ते चिडले. ज्याच्या हातचा नैवेद्य खुद्द विठ्ठल खातो, त्याच्या डोक्यावर थापटणं? काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं!

आता सांगा, नामदेवांची भक्ती खोटी होती का? मुळीच नाही. पण ‘देव माझा’ म्हणता म्हणता ‘मी देवाचा लाडका’ कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही. अहंकाराचा खरा धोका हाच. तो आपल्या चांगल्या गुणांच्या मागे लपून बसतो, म्हणून सापडत नाही. आणि एकदा का तो आत शिरला, की आपलं शिकणंच थांबतं.

नामदेव मात्र थांबले नाहीत. कथेत पुढं ते रुसून विठ्ठलाकडे गेले. पण विठ्ठलानंही त्यांची बाजू घेतली नाही, गुरू कर म्हणून सांगितलं. तेव्हा ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. त्यांचं नाव पुढं थेट पंजाबात पोचलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या घुमान गावाशी त्यांचं नातं सांगतात, म्हणूनच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं.

एवढ्या मोठ्या माणसानं विठ्ठलाजवळ जागा कुठली मागितली? गाभाऱ्यातली नव्हे, तर महाद्वारातली! येणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून. आज पंढरपुरात ‘नामदेव पायरी’वर कुणी पाय देत नाही, सगळे तिथं माथा टेकतात. वारीत तर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. लहान कोण, मोठा कोण, ते बघत नाहीत. समोरच्यातही तोच विठ्ठल आहे ना!

मित्रांनो, नम्र असणं म्हणजे घाबरट असणं नव्हे. वक्तृत्वात पहिला नंबर आला तर आनंदानं उड्या मारा. पण त्याच दिवशी धाकट्या बहिणीनं तुमची एखादी चूक दाखवली, तर काय कराल? ‘तुला काय कळतं?’ म्हणाल, की ऐकून घ्याल?

आणि आईबाबा, मूल असं ऐकून घेईल, तेव्हा पहिल्या नंबराइतकीच त्याचीही शाबासकी द्या बरं का!