छायाचित्रात न दिसणारे

जोडीच्या फिगर स्केटिंगचे खरे काम पाहावयाचे असेल तर स्पर्धेच्या रात्री न जाता आदल्या दिवशीच्या सरावाला जावे, जेव्हा खेळाडूंच्या अंगावर साधे काळे कपडे असतात, दिवे सरसकट आणि निर्दय असतात, आणि कठड्याला टेकून प्रशिक्षक उभे असतात, असे माझे मत बेजिंगच्या कॅपिटल क्रीडागृहात चायना कप स्पर्धेचा सराव पाहिल्यापासून झालेले आहे. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा त्या बर्फावर चार-पाच जोड्या एकाच वेळी फिरत असतात. ज्या जोडीचे संगीत वाजत असेल तिला इतरांनी वाट करून द्यावी असा तेथील शिरस्ता आहे, आणि तो कोणी हुकूम न देता, केवळ खांद्यावरून मागे टाकलेल्या एका दृष्टिक्षेपावर बिनबोभाट पाळला जातो.

मी ज्या प्रशिक्षकांकडे पाहत राहिलो ते उतारवयाकडे झुकलेले गृहस्थ होते आणि त्यांची जोडी थ्रो साल्कोव्ह ही उडी घोटत होती. या उडीत दोघेही उलटे, म्हणजे पाठीच्या दिशेने, वेगाने सरकत येतात. पुरुषाचे हात स्त्रीच्या कमरेवर असतात. ती डाव्या पायाच्या आतल्या कडेवर वळते, उजवा पाय वर्तुळाकार पुढे झोकते आणि त्याच क्षणी तो तिला अवकाशात सोडतो. अंग आवळून तीन गिरक्या घेतल्यावर ती कित्येक मीटर दूर एकट्या उजव्या पायाच्या बाहेरल्या कडेवर, पुन्हा उलट्या दिशेने, उतरते. प्रेक्षकाचे डोळे साहजिकच हवेतल्या देहाकडे लागतात. त्या गृहस्थांनी मात्र तिकडे ढुंकूनही पाहिले नाही; उडीपूर्वीच्या वळणावर मुलाचा गुडघा किती वाकतो आणि हात सुटण्याची घटका नेमकी कोठे येते, एवढेच ते न्याहाळीत होते. उडी साधली तरी त्यांनी दोघांना परत बोलाविले, आणि साधली नाही तेव्हाही तेवढ्याच निर्विकारपणे बोलाविले. हात क्षणभर उशिरा सुटला की स्त्रीच्या देहाचा अक्ष कलतो, आणि कललेल्या अक्षाची दुरुस्ती हवेत होत नसते. उतरणीचा निकाल अशा रीतीने जमिनीवरच लागून गेलेला असतो.

हे शिक्षण चीनमध्ये कोठून आले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. हार्बिनचे याओ बिन आणि त्यांच्या सहकारिणी लुआन बो ही जोडी 1980 साली पश्चिम जर्मनीतील डॉर्टमुंड येथे जागतिक स्पर्धेत उतरली तेव्हा चीनमधून या प्रकारात जागतिक बर्फावर उतरणारी ती पहिलीच जोडी होती. शिकविणारा कोणी नव्हता. परदेशी जोड्यांची छायाचित्रे पाहून त्यांनी पवित्रे बसविले होते. छायाचित्रात उचललेली स्त्री दिसते, ताणलेला हात दिसतो, बोटांची ठेवणही दिसते. पण त्या पवित्र्यात कोणत्या कडेवरून शिरावयाचे आणि त्यातून कोणत्या पायावर बाहेर पडावयाचे, हे कोणतेही छायाचित्र सांगत नाही. डॉर्टमुंडला ही जोडी अखेरच्या स्थानावर राहिली आणि प्रेक्षक हसले, असे याओ बिन यांनीच पुढे सांगितले आहे. 1984 च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्येही त्यांचा क्रमांक शेवटचाच होता. मग याओ बिन प्रशिक्षक झाले.

अपयशी खेळाडू उत्तम गुरू होतो, असा एक भाबडा सिद्धांत अशा प्रसंगी मांडण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही, कारण शेवटचे येणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बहुतेक केवळ विस्मरणात जातात. याओ बिन यांच्याजवळ होती ती एका विशिष्ट उणिवेची तपशीलवार माहिती. ज्या मधल्या वाटा त्यांना कोणी दाखविल्या नव्हत्या त्यांची जणू यादीच त्यांच्या देहात नोंदलेली होती, आणि ती त्यांनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत एकेक करून निकालात काढली. 1992 पासून एकत्र आलेल्या शेन श्वे आणि झाओ होंगबो यांनी 2002 साली चीनला जोडीतले पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. 2005 च्या उन्हाळ्यात झाओ यांच्या घोट्यामागची शीर तुटली, आणि तरीही सहा महिन्यांनी तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये त्या दोघांनी कांस्यपदक घेतले. त्याच स्पर्धेत झांग डान आणि झांग हाओ यांनी चार गिरक्यांचा थ्रो साल्कोव्ह करण्याचे धाडस केले. झांग डान भीषण रीतीने पडल्या, गुडघा दुखावला, संगीत थांबले, आणि काही मिनिटांनी पुन्हा बर्फावर येऊन त्या रौप्यपदक घेऊन गेल्या. पांग छिंग व टोंग जियान चौथे आले. या तिन्ही जोड्या याओ बिन यांच्याच.

सरावात एक लिफ्टही मी जवळून पाहिली, कारण ती बर्फावर नव्हती. कठड्याबाहेरच्या रबरी चटईवर, पात्यांना म्याने चढवून, जोडी समोरासमोर उभी होती. पुरुष बाहूंच्या बळावर स्त्रीला उचलतो ही समजूत येथे तात्काळ मावळते. तो आधी गुडघ्यांत बसतो, ती त्याच्या तळहातावर आपला तळहात ठेवून वरून खाली दाबते, आणि तो दाब टिकला तरच दोन देहांचा मिळून एक ताठ स्तंभ होतो. तिचे कोपर तसूभर ढिले पडले की त्याचे सारे बळ व्यर्थ जाते. प्रशिक्षकांनी मुलीला बाजूला सारून स्वतः तिची जागा घेतली. मल्लखांबाचा वस्ताद शिष्याच्या पकडीवर नुसता हात ठेवून चूक ओळखतो तसे त्यांनी मुलाच्या तळहातावर आपला हात दाबला, मान हलविली, आणि पुन्हा दाबला. एकट्याने खेळलेल्या माणसाला हे शिकविता आले असते काय, याची मला शंका आहे. दुसऱ्याच्या देहाचा भार आपल्या तळहातावर कधी येतो आणि कधी नाहीसा होतो, याची जाण जोडीत वर्षानुवर्षे राहिल्यावाचून येत नसावी.

1964 पासून 2006 पर्यंत बाराही ऑलिंपिकांत जोडीचे सुवर्ण सोव्हिएत वा रशियन गोटात गेले होते. 2002 साली वादापायी त्याची कॅनडाशी वाटणी करावी लागली, एवढाच काय तो अपवाद. ती मक्तेदारी 2010 साली व्हँकुव्हरला संपली. निवृत्तीतून परतलेले शेन आणि झाओ, ती एकतीस वर्षांची आणि तो छत्तीस, पहिले आले. पांग आणि टोंग दुसरे.

पुढे झाओ होंगबो प्रशिक्षक झाले, आणि 2022 साली त्याच कॅपिटल क्रीडागृहात त्यांच्या सुई वेनजिंग व हान छोंग या जोडीने अवघ्या 0.63 गुणांनी ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकले. सुई आणि हान यांना आरंभी घडविले ते लुआन बो यांनी, म्हणजे डॉर्टमुंडला याओ बिन यांच्या हातांवर उचलल्या गेलेल्या त्याच सहकारिणीने. चिनी जोड्यांच्या कारकिर्दीची हकीकत सांगताना सारे श्रेय याओ बिन यांच्या नावे जमा करून लुआन बो यांना ओझरत्या उल्लेखावर वाटेला लावण्याची रीत पडून गेली आहे. ज्या खेळात एकट्याला काहीच करता येत नाही, त्या खेळाच्या दप्तरात असा एकतर्फी हिशेब राहावा, हे मला तरी चमत्कारिक वाटते.