कारळ्याचे फूल स्वपराग का नाकारते?

इंदूरच्या राजवाड्यासमोरून जाणाऱ्यास होळकरांच्या या राजधानीचे शेतीसंशोधनाशी असलेले नाते सहसा आठवत नाही. तथापि १९२४ साली याच नगरीत आल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली वनस्पती उद्योग संस्था स्थापन होऊन कापसावर संशोधन सुरू झाले. कापसाचे फूल स्वपराग स्वीकारते. त्यामुळे त्याचे शुद्ध वाण राखणे सुलभ असते. मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील कारळ्याची, म्हणजेच खुरासणीची, रीत याच्या उलट आहे.

कारळ्याच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असूनही झाड स्वतःच्या परागापासून क्वचितच बी धरते. या गुणास स्ववंध्यता म्हणतात. तिचे नियंत्रण ‘एस’ या जनुकस्थानाकडे असून त्या जनुकाची अनेक रूपे असतात. परागकणावर त्यास जन्म देणाऱ्या झाडाच्या जनुकांची खूण असते. कुक्षीने तीच खूण ओळखली, की परागनलिका आत शिरत नाही. खूण निराळी असल्यास फलधारणा होते. निकट प्रजननाचे दोष अशा रीतीने टळतात.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर मुख्यतः मधमाश्या नेतात. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारल्यास पीक हिरवेगार दिसेल, परंतु दाणे भरणार नाहीत. म्हणून या काळात फवारणी टाळावी, शेताजवळ मधपेट्या ठेवाव्यात आणि बियाणे मोजक्या झाडांचे न घेता अनेक झाडांचे एकत्र राखावे. म्हणजे खुणांची विविधता टिकेल.