गुडघ्याची सूज आणि चमच्याचा हिशोब

मिसळणाचा डबा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात विषय होता मेथी, पण आलेल्या पत्रांत मेथी फारशी नव्हतीच. होती ती हळद. गुडघे सुजतात, सकाळी उठताना आखडतात, डॉक्टरांच्या गोळीने पित्त होतं; मग रात्री हळदीचं दूध घेतलं तर भागेल का? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी चमचा मोजायला हवा.

हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य म्हणजे कुरकुमिन. १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए यांनी ते हळदीतून वेगळं काढलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते घातलं, तर दाह पेटवणारी रसायनं कमी तयार होतात. हळदीची आधुनिक कीर्ती मुख्यतः याच निरीक्षणावर उभी आहे. पण हळदीच्या पुडीत कुरकुमिन असतं साधारण ३ टक्के. चहाचा सपाट चमचा भरला तर ३ ग्रॅम पूड, म्हणजे त्यात कुरकुमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद यात सरस म्हणून नावाजलेली. तरी ती घेतली म्हणून फार तर दुप्पट. आणि आपण वरणात टाकतो ती चिमूटभर!

आता चाचण्यांत काय दिलं ते पाहू. थायलंडमध्ये गुडघ्याची झीज झालेल्या ३६७ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज १,२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, दुसऱ्याला १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क. चार आठवड्यांनी वेदना आणि चालणं-चढणं यांत अर्कवाले गोळीवाल्यांच्या मागे नव्हते, आणि पोटाच्या तक्रारी त्यांना कमी होत्या. ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. मात्र तो अर्क होता, त्यात बहुतांश कुरकुमिन आणि त्याची भावंडं. तेवढं पुडीतून मिळवायचं तर दिवसाला डझनभर चमचे हळद खावी लागेल. दुधात ती कालवून पाहावी, म्हणजे कळेल.

मला त्याहून बोलकी वाटते ती टास्मानियातली, २०२० मधली चाचणी. त्यात माणसं थोडी, फक्त ७०. पण सगळ्यांच्या गुडघ्यात सूज आणि पाणी असल्याचं आधी तपासलेलं. बारा आठवडे निम्म्यांना अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना औषध नसलेल्या. अर्कवाल्यांचं दुखणं तुलनेने कमी झालं. एमआरआयवर मात्र गुडघ्यातलं पाणी आणि सूज यांत दोन गटांत फरक दिसला नाही. म्हणजे ज्या दाहासाठी हळदीचा गाजावाजा, तोच जागच्या जागी. दुखणं कमी होणं हाही फायदाच. तो फायदा आहे तेवढाच सांगावा.

‘आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, पेटंटही आपण जिंकलं’ असं कुणी म्हणेल. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं होतं आणि माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, हे खरं. त्यात सिद्ध झालं ते इतकंच, की हा वापर जुना आहे. त्याने गुण किती येतो, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

कुरकुमिनची दुसरी अडचण म्हणजे ते अंगी लागत नाही. पाण्यात विरघळत नाही, आणि जे शोषलं जातं ते यकृत झपाट्याने निकामी करून बाहेर काढतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, आणि रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. तेव्हापासून बाजारातल्या कित्येक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. पिपरिन करतं काय, तर यकृताचा हात धरून ठेवतं. हळद हजारो वर्षं निर्धोक ठरली ती काही अंशी ती शोषली जात नव्हती म्हणून, असं माझं मत. इटलीत २०१९ च्या सुमारास हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण सापडले. पुढे अमेरिकेत अशा १० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ७ जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला आणि एक जण दगावला. असे रुग्ण विरळाच, पण कॅप्सूलला ‘घरगुती’ म्हणणं थांबवायला तेवढे पुरेत.

तेव्हा भाजीतली, दुधातली हळद खुशाल चालू ठेवा. मुक्या मारावर गरम लेपही लावा; शेकाने बरं वाटतंच. कॅप्सूल घ्यायची असेल, तर पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी आधी विचारावं. आमवाताच्या रुग्णांनी तर हळदीच्या भरवशावर चालू औषध अजिबात सोडू नये. त्या आजारात गेलेले महिने सांधे परत देत नाहीत. आणि ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की हळदीची बाटलीच पुढे ठेवा. मिरीचा अर्क त्यात किती, हे मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

पुढच्या लेखांकात सुंठ.