घराचें दर्शनी दार

घर बांधतांना आपण मुहूर्त पाहतों, दिशा पाहतों. परंतु दर्शनी दाराची निवड मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यांत दुकानदाराच्या जिभेवर सोंपवितों. लातुरास पुतण्याचें घर उभें राहत असतां हाच प्रश्न आमच्या एकत्र कुटुंबांत निघाला. वडील मंडळींचा आग्रह किनवटच्या सागवानाचा, तर तरुणांचा प्लॅस्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या चौकटीचा व मोठ्या कांचेचा. निवाडा माझ्याकडे आला.

सागवान उत्तम खरें. पण तें महाग, आणि त्याच्या नांवानें मिळणारें कच्चें लाकूड पावसाळ्यांत फुगतें, दार अडतें. यूपीव्हीसीस वाळवी लागत नाहीं, तें कुजत नाहीं. त्याचा शत्रु एकच, आमच्याकडचें ऊन. दोन मीटर उंचीची निव्वळ प्लॅस्टिकची पट्टी 40 अंशांच्या फरकानें सुमारें 5 मिलिमीटर वाढते. 75-80 अंशांच्या सुमारास ती मऊ पडूं लागते, आणि गडद रंग ऊन अधिक शोषतो. म्हणून पश्चिमेच्या दारास चौकट पांढरी किंवा फिकी असावी, तिच्या आंत पोलादाचा आधार असावा, आणि भिंतीशीं थोडी फट ठेवून ती सिलिकॉननें भरावी.

आतां कांच. साधी कांच फुटली म्हणजे तिच्या सुऱ्या होतात. टफन्ड कांच 600 अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतानें एकाएकीं निववितात. ती साधीहून चौपट-पांचपट बळकट असते व फुटलीच तर बोथट दाण्यांसारखी विखुरते. मागाहून ती कापतां येत नाहीं, म्हणून माप आधीं पक्कें करावें. लॅमिनेटेड कांचेंत दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा असतो. तडा गेला तरी तुकडे त्यासच चिकटून राहतात. दोहोंसाठीं भारतीय मानक 2553 आहे. त्याचा शिक्का पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

इतक्या बारीक चौकशीचें कारण माझ्या मनांत निराळेंच होतें. 30 सप्टेंबर 1993 रोजीं मी लातुरांत शिक्षक होतों. लोक गणेशविसर्जन आटोपून निजले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं किल्लारीची धरणी हादरली आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती व माळवदाचें ओझें यांनीं त्यांचा घात केला. कोणतेंही दार तेथें उपयोगी पडलें नसतें. आमचें घर उभें राहिलें. परंतु दाराला आंतून कुलूप मींच घातलें होतें, आणि अंधारांत किल्ली सांपडेना. मुलगा कडेवर, आई भिंतीला धरून उभी. तीं दोन मिनिटें मी अद्याप विसरलों नाहीं.

म्हणून पुतण्यास सांगितलें : चौकट तुमच्या आवडीची घ्या, पण कुलूप आंतून नुसत्या मुठीनें, किल्लीवांचून उघडणारें हवें. मग कांच फोडून चोरानें हात आंत घालूं नये, व पळतांना अनवाणी पायांखालीं तुकडे येऊं नयेत, यासाठीं ती लॅमिनेटेडच हवी. एक अट मान्य केली कीं दुसरी आपोआप येते.

उंबऱ्यावरचा दिवा आंत व बाहेर दोहींकडे उजेड देतो, यास आपले शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. दाराचेंही तसेंच आहे. त्यानें परक्यास थोपवावें. पण प्रसंगीं घरच्यांस क्षणांत मोकळें सोडावें. पुतण्यानें दार तसेंच बसविलें आहे. वास्तुशांतीच्या दिवशीं सुनेनें तें आंतून एका हातानें उघडून दाखविलें. दुसऱ्या हातावर तिचें मूल होतें.