पहिलं प्रकरण

सकाळी साडेसहा. किशोरांसाठी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र संपादनाला आलंय. महाड, गोलमेज परिषद, घटना समिती ही प्रकरणं नेटकी आहेत, कारण त्यांना कागदांचा आधार आहे. अडचण बालपणाची. तिथे हटकणारं कोणी नसतं, म्हणून लेखणी सैल सुटते.

नऊ. मसूरचा प्रसंग. वडील, सुभेदार रामजी, दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत साताऱ्याहून त्यांच्याकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली आणि रात्र पाण्यावाचून काढली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. चरित्राच्या हस्तलिखितात 'सन १९०१, वय नऊ' असं ठाम आहे. पण जन्म १४ एप्रिल १८९१चा, म्हणजे त्या उन्हाळ्यात दहा पूर्ण. बाबासाहेबांनी साल 'सुमारे' म्हणूनच दिलं होतं. आठवणीला लागणारी तेवढी जागा त्यांनी राखली, चरित्रकारानं ती बुजवली. मी 'सुमारे' परत घातलं.

साडेअकरा. रामजींच्या कामाचं गाव कुठलं? काही पुस्तकांत कोरेगाव, काहींत गोरेगाव. रेल्वेचा नकाशा पसरला. साताऱ्याहून निघालं की कोरेगाव मसूरच्या आधीच लागतं. तिथे जाणारा मसूरपर्यंत कशाला येईल? खटाव तालुक्यातलं गोरेगाव मात्र जुळतं. एका पुस्तकातून दुसऱ्यात नाव उतरत गेलं, नकाशा कोणी उघडला नाही. याचा मला खरंच राग येतो. त्या मुलांनी तहानेनं काढलेली वाट निदान नीट तरी दाखवावी.

दीड. लेखकांना फोन केला. निवृत्त शिक्षक आहेत.

"सर, स्टेशनमास्तर आणि भीमाचा हा पानभर संवाद कुठे मिळाला?"

"ताई, संवाद असले की मुलं वाचतात हो."

"पण मुलं ते खरं धरतील, सर."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काढा."

चार. हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाला तेव्हाचं त्याचं दप्तरी नाव भिवा रामजी आंबेडकर. हस्तलिखितात मात्र पहिल्या पानापासून 'भीमराव' आणि 'ते'. त्या वयापुरतं सगळीकडे 'भिवा' आणि 'तो' केलं.

सात. दिवसभर मन जिथे अडकलं होतं तिथे आता आले. आई गेल्यावर पाठीत वाकलेल्या मीराआत्यानं या पोरांना सांभाळलं. हस्तलिखितात तिला एक ओळ मिळालीय. न्हावी शिवायला तयार नसे, म्हणून भावांचे केस थोरली बहीण कापायची. ती तर कुठेच नाही. भावी नेता शोधण्याच्या नादात त्याला वाढवणाऱ्या बायका गळाल्या. अस्पृश्यता घरात कशी शिरत होती, हे त्या कात्रीइतकं उघड दुसरं काय सांगेल?

साडेआठ. पुन्हा फोन लावला. "सर, संवाद काढल्यानं एक पान मोकळं झालंय. तिथे बहिणीला येऊ द्या."